पाकोळीचे घरटे आणि माणसाचा मेंदू

वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी उभे राहिले, म्हणजे पश्चिमेकडे, क्षितिजाच्या किंचित अलीकडे, काळ्या खडकांचा एक पुंजका दिसतो. अंधार पडू लागला की त्या खडकांवरील दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने डोळे मिचकावू लागतो. इंग्रजी नकाशांत या खडकांना 'वेंगुर्ला रॉक्स' म्हटले आहे. त्यांतल्या काहींना 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकी बेटे, असेही नाव आहे. गलबतवाल्यांच्या दृष्टीने ही जागा भयाची. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी, कारण तेथे काही पिकत नाही. तथापि या ओसाड खडकांचा संबंध एके काळी चीनच्या श्रीमंतांच्या ताटाशी होता, आणि आज तो प्रयोगशाळेतील एका वादाशी जडलेला आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. तो संबंध जोडला एका बोटभर लांबीच्या पक्ष्याने. कोकणात त्याला पाकोळी म्हणतात.

पाकोळी दिसावयास अगदी साधी. अंगाचा रंग धुरकट तपकिरी, पंख कोयत्यासारखे लांब व वाकडे. दिवसभर ती हवेत भिरभिरत असते आणि उडता उडताच किडे टिपून पोट भरते. रात्रीचा आसरा आणि पिलांचे घर मात्र ती खडकांतील खोल गुहांत करते. या गुहांत उजेड नसतो. पाकोळी बारीक टकटक असा आवाज करीत उडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कोठे व वाट कोठे हे ओळखते. वटवाघळाची ही विद्या पक्ष्यांमध्ये फारच थोड्यांना साधली आहे. विणीच्या हंगामात तिच्या लाळेच्या ग्रंथी फुगतात, आणि नर व मादी दोघेही त्या चिकट लाळेचे धागे गुहेच्या भिंतीवर एकावर एक चढवीत राहतात. लाळ हवेने सुकते, कडक होते, आणि अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे तयार होते. काही घरट्यांत गवत, शेवाळ, पिसे मिसळलेली असतात; काही पांढरट व स्वच्छ असतात. त्यात मादी दोन पांढरी अंडी घालते. हे घरटे म्हणजेच चिनी भोजनातील तो सुप्रसिद्ध मेवा.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम १८४० मध्ये टी. सी. जर्डन या मद्रास लष्करातील डॉक्टराने निलगिरीतील कुन्नूर घाटाच्या नमुन्यावरून केले. पश्चिम घाट, त्याच्या समोरची समुद्रातील बेटे आणि श्रीलंका एवढेच या जातीचे राज्य. १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम लक्षद्वीपच्या सफरीवर निघाले असता वाटेत त्यांनी पश्चिम किनाऱ्याजवळची बेटे पाहिली, त्यात वेंगुर्ल्याचे खडक होते. पुढील वर्षी त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात त्या सफरीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रभागी होते. १८८० मध्ये जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी सिद्ध केली. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याच्या खडकांवरील कुररी पक्षी व पाकोळ्या यांविषयी लिहिलेला लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ मध्ये आला. अशा रीतीने या निर्जन खडकांचे दप्तर शंभर वर्षांत बरेच जाड झाले.

आता हे घरटे खाण्याची कल्पना कोठून आली ते पाहू. लोकप्रिय कथा अशी की, पंधराव्या शतकातील चिनी नौसेनापती चंग ह याचे जहाज वादळात एका बेटाला लागले, खलाशांनी उपासमारीत कड्यावरील घरटी शिजवून खाल्ली, आणि त्यांचे चेहरे टवटवीत झाले. कथा गोड आहे. तिला पुरावा नाही. ज्या पदार्थाला राजमान्यता मिळते त्याच्यामागे असा एखादा पराक्रमी पुरुष उभा करण्याची खोड सर्वच देशांत असते. लिखित पुरावा येतो तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभी. १६१७ मध्ये पुऱ्या झालेल्या, पूर्व व पश्चिम सागरांवरील व्यापाराची माहिती देणाऱ्या एका चिनी ग्रंथात घरट्यांचा उल्लेख जकातीच्या मालांत आहे. उलट, ज्या महाग्रंथाला चिनी औषधिशास्त्राचा मुकुटमणी मानतात, तो ली शर्‌जन यांचा १५९६ मध्ये छापलेला ग्रंथ, त्यात या घरट्याला स्थान नाही. अठराव्या शतकात त्या ग्रंथाच्या पुरवण्या निघाल्या तेव्हा कोठे ते औषध म्हणून दाखल झाले. अर्थात ज्याला आज 'हजारो वर्षांचे प्राचीन ज्ञान' म्हणून विकले जाते, त्याचे वय फार तर चारशे वर्षांचे आहे. आपल्याकडे बटाटा, मिरची व तंबाखू यांचे वय साधारण तेवढेच!

अठराव्या शतकात मात्र घरट्याचे भाग्य उघडले. सम्राट छ्येनलुंग याच्या राजवाड्यातील भोजनाच्या नोंदींत घरट्याचे पदार्थ पुनःपुन्हा येतात. त्याच शतकातील 'लाल महालातील स्वप्न' या विख्यात कादंबरीत क्षीण प्रकृतीच्या नायिकेला खडीसाखर घालून शिजवलेली घरट्याची पेज सुचवली जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळच्या वैद्यांनी घरट्याचे गुण सांगितले ते फुप्फुसाचे: खोकला शमवणारे, कफ नाहीसा करणारे, क्षयाच्या रोग्याला बळ देणारे. मेंदू, बुद्धी, स्मृती यांचा त्यात मुख्य असा उल्लेख नाही. मेंदूचे कवच म्हणून घरट्याची ख्याती ही अगदी अलीकडची, आपल्या पिढीतली, गोष्ट आहे.

मागणी चीनची आणि माल दक्षिण समुद्रातला, म्हणून या व्यापाराचे केंद्र जावा, बोर्निओ व सयाम यांकडे राहिले. बोर्निओतील नीआह आणि गोमांतोंग या प्रचंड गुहांत वेताच्या शिड्या व बांबू बांधून माणसे छताशी पोहोचत, आणि एक पाय घसरला की प्राणाला मुकत. बटाविया शहर डचांनी १६१९ मध्ये वसवले आणि ते या मालाची मोठी पेठ झाले. याच डच कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे भग्न अवशेष आजही गावात उभे आहेत. त्या वखारीतून घरटी गेली असे मी म्हणत नाही. सांगावयाचे एवढेच की, वेंगुर्ला आणि बटाविया ही गावे त्या शतकात एकाच कंपनीच्या खातेवहीत होती. पुढे मुंबईहून कापूस आणि अफू चीनकडे जाऊ लागली, त्याच वाटेने मुशीचे पर आणि माशांचे वाळवलेले बोत जाऊ लागले. कोकणी माणूस ज्याला हात लावणार नाही अशा वस्तूंना तिकडे सोन्याचे मोल आहे, हे आपल्या किनाऱ्याला तेव्हाच उमगले. वेंगुर्ल्याच्या गुहांतील घरटीही एकोणिसाव्या शतकात काढली व विकली जात.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीचा जवळजवळ विसर पडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हीदेखील शिकारच ठरवली. परंतु कायदा दिल्लीत होतो आणि गुहा समुद्रात असते. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी या खडकांवर पाकोळ्यांची पाहणी करावयास गेले, तेव्हा गुहेत बांबूंचे मचाण उभारून घरटी चोरून काढण्याचा धंदा चालू असल्याचे उघड झाले. त्यांनी वनखात्याच्या मदतीने तो थांबवण्याचे व पक्ष्यांवर लक्ष ठेवण्याचे काम हाती घेतले. अंदमानात तर याहून वाईट अवस्था होती. तेथील पाकोळी वेगळ्या जातीची, तिचे घरटे अधिक पांढरे आणि म्हणून अधिक महाग. रवी शंकरन या पक्षिशास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकात तेथील गुहा पायाखाली घातल्या. त्यांना दिसले की, अंडी घालण्यापूर्वीच घरटे ओरबाडले जाते, पक्षी पुन्हा बांधतो, ते पुन्हा ओरबाडले जाते, आणि शेवटी वंशच खुंटतो. त्यांनी जे लोक घरटी चोरत होते त्यांनाच गुहांचे रखवालदार केले. पिले उडून जाईपर्यंत घरट्याला हात लावावयाचा नाही, हा त्या योजनेचा गाभा होता. शंकरन २००९ मध्ये अकाली निवर्तले. पण चोराला राखणदार करण्याची त्यांची युक्ती राज्यकारभार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

एक किलो भरावयास शंभराहून अधिक घरटी लागतात. एवढा अट्टहास ज्याच्यासाठी, त्यात आहे तरी काय? निम्म्याहून अधिक भाग प्रथिन, पाव भागाच्या आसपास शर्करायुक्त द्रव्य, थोडे क्षार, थोडे पाणी. १९२१ मध्ये ची च वांग या चिनी विदुषीने अमेरिकेत घरट्याचे पृथक्करण करून आपला निष्कर्ष 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या देशाच्या लाडक्या पदार्थाविषयी तिने निर्भीडपणे सांगितले की, यातील प्रथिन पोषणाच्या दृष्टीने हलक्या दर्जाचे आहे. प्रथिनच हवे असेल तर कोंबडीचे अंडे त्याहून कितीतरी सरस.

मग मेंदूचा संबंध आला कोठून? याची कथा मोठी मनोरंजक आहे. १९३६ मध्ये स्वीडनमधील गुन्नार ब्लिक्स यांनी गुरांच्या लाळग्रंथीतील चिकट द्रव्यातून एक आम्ल वेगळे काढले. पुढे त्याला लाळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'सायालिक' आम्ल असे नाव मिळाले. १९४१ मध्ये जर्मनीतील एर्न्स्ट क्लेंक यांनी मेंदूतील स्निग्ध द्रव्यांतून एक आम्ल काढले व त्याला 'न्यूरामिनिक' असे मज्जेशी नाते सांगणारे नाव दिले. काही वर्षांनी उलगडा झाला की दोन्ही एकाच कुळातील आहेत. जे लाळेत ते मेंदूत! मज्जापेशींच्या आवरणावर हे आम्ल विपुल असते, आणि पेशींच्या परस्परसंवादात त्याला महत्त्व आहे. मातेच्या दुधात, विशेषतः पहिल्या चिकात, ते भरपूर असते. आणि पाकोळीचे घरटे तर निव्वळ वाळलेली लाळ. त्याच्या वजनाचा दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग हे आम्लच असते.

येथून तर्काची साखळी तयार झाली. मेंदूत सायालिक आम्ल आहे, घरट्यात ते आहे, म्हणून घरटे खाल्ल्याने मेंदू सुरक्षित राहील. गेल्या काही वर्षांत चीन आणि मलेशियात उंदरांवर प्रयोग झाले. घरट्याचा अर्क दिलेल्या उंदरांची शिकण्याची शक्ती व स्मृती काही प्रयोगांत सुधारलेली दिसली, मेंदूतील दाह कमी झालेला दिसला. हे निष्कर्ष कुतूहल जागे करणारे आहेत, आणि त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश घरट्याच्या सेवनाने टळतो, हे माणसांवरील मोठ्या व काटेकोर प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. शिवाय सायालिक आम्ल आपले शरीर स्वतःच तयार करते, आणि ते दुधात आहे, अंड्यात आहे. ज्या वस्तूचा कारखाना घरीच चालू आहे, ती हजार कोसांवरून पक्ष्याचे घर मोडून आणावी काय, हा प्रश्न शास्त्राइतकाच व्यवहाराचाही आहे. अशुद्धीचा धोका आहे तो निराळाच. २०११ मध्ये लाल रंगाच्या घरट्यांत नायट्राइटचे प्रमाण भरमसाट आढळल्यामुळे चीनने मलेशियाच्या मालाची आयात थांबवली. तो लाल रंग पक्ष्याच्या रक्ताचा, म्हणून अधिक गुणकारी, अशी समजूत होती. तो रंग रक्ताचा नव्हे, रासायनिक विकाराचा आहे, हे आता कळून चुकले आहे.

दुसऱ्याच्या भाबडेपणाला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. आपल्या आया-आज्यांनी बाळगुटीत वेखंड उगाळले ते बाळाची वाचा व बुद्धी खुलावी म्हणून, आणि परीक्षा जवळ आली की घरोघर बदाम भिजत पडतात. बुद्धी ही पोटातून घेता येते, ही आशा मानवजातीइतकीच जुनी आहे.

श्रोतेहो, आहाराचा आणि मज्जासंस्थेचा संबंध सिद्ध नाही असे मात्र कोणी समजू नये. तो पुरेपूर सिद्ध आहे. पण त्याचा पुरावा सम्राटाच्या ताटात सापडला नाही, मजुराच्या थाळीत सापडला. मी राहतो त्या भिलाईच्या आसपास, दुर्ग आणि राजनांदगावच्या वाटेवर, कार्तिकात भाताची खाचरे कापणीस आली म्हणजे उभ्या पिकातच शेतकरी एक कडधान्य फोकून देतो. या पद्धतीला येथे उतेरा म्हणतात. भात निघाला की उरलेल्या ओलीवर ते धान्य वाढते, निळी फुले धरते. इकडे त्याला तिवरा म्हणतात. भंडारा-चंद्रपूरकडचे आपले लोक लाख किंवा लाखोळी म्हणतात. पाऊस हुकला, गहू गेला, तरी ते तग धरते. म्हणूनच ते गरिबाचे धान्य, आणि म्हणूनच दुष्काळात ते एकमेव धान्य होऊन बसते.

ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले कर्नल स्लीमन यांनी १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर भागातील एक हकीकत नोंदवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पाऊस हुकला, १८३१ मध्ये तांबेऱ्याने पीक बुडाले. तिवरा तेवढा तरला. लोकांनी तोच खाल्ला. १८३३ पासून गावातील तिशीच्या आतले तरुण कमरेखाली लुळे होऊ लागले. रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठला तो पाय ओढीतच. या रोगात बुद्धी शाबूत राहते, हात चालतात. पण पाय ताठरतात आणि माणूस काठीचा, पुढे दोन काठ्यांचा, अखेर हातांवर सरपटण्याचा धनी होतो. रेवा भागात तर जमीनदार सालगड्यांना मजुरी म्हणूनच हे धान्य देत. ज्याचे पाय कामासाठी विकत घेतले, त्याचेच पाय त्या मजुरीने हिरावले जात.

स्लीमन यांनी कारण अचूक ओळखले होते. तरीही या धान्याच्या विक्रीवर बंदी आली ती १९६१ मध्ये, आणि त्यातील मज्जाघातक द्रव्य बंगळूर व दिल्ली येथील आपल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले ते १९६४ मध्ये. सरकारी दप्तरात नोंद आणि त्या नोंदीवर उपाय यांच्यामध्ये सव्वाशे वर्षे गेली! दप्तरांतच ज्याचे आयुष्य गेले त्याला हा हिशेब टोचल्यावाचून राहत नाही. बंदीनेही उतेरा थांबला नाही. भुकेला कायदा कळत नाही. रोग ओसरला तो ताटात भात, गहू, इतर डाळी येऊ लागल्या तेव्हा. इतर अन्नासोबत थोडी लाखोळी बाधत नाही. तीच ती महिनोन्‌महिने खाल्ली तर बाधते. भिजवून, उकळून पाणी फेकले तर तिचे विष बरेच उतरते. येथून जवळच, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ते विष अत्यल्प असलेला 'महातिवरा' हा वाण तयार केला आहे. असे वाण शेतात पोहोचवणे हे मज्जासंस्थेचे खरे संरक्षण, आणि त्याला पाकोळीच्या घरट्याइतके मोल पडत नाही.

दोन अन्नांच्या या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे इतिहासाचा एक खोडकर न्याय दिसतो. जे दुर्मिळ आणि महाग, त्याचे गुण सिद्ध होण्यापूर्वीच जगभर गाजले. जे स्वस्त आणि सर्वत्र, त्याचा दोष सिद्ध होऊनही शतकभर कोणी कानावर घेतला नाही. मेंदूचे रक्षण करणारा एखादा अद्भुत पदार्थ शोधण्यात माणसाने जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी सर्वांच्या ताटात चार प्रकारचे अन्न पडावे म्हणून केली असती, तर पुष्कळ पाय आणि पुष्कळ मेंदू वाचले असते.

वेंगुर्ल्याच्या त्या काळ्या खडकांत पाकोळी अजून आहे. भरतीचे पाणी गुहेत गर्जत शिरते, आणि वर अंधारात टकटक करीत ती आपल्या भिंतीपाशी परतते. तिच्या लाळेत काय आहे आणि काय नाही याचा निकाल प्रयोगशाळा लावतील तेव्हा लावोत. ते घरटे कोणासाठी बांधले आहे, हे मात्र त्यातील दोन पांढऱ्या अंड्यांकडे पाहिले तरी कळते.